मिएन मावशीची सावड

आमच्या गो सिम गावात मिएन मावशीला उलट बोलायची हिंमत दोघांचीच होती. एक तिचा कोंबडा आणि दुसरी मी. कोंबडा नव्या वर्षाला पितरांच्या नैवेद्यावर गेला, तेव्हापासून ते काम माझ्या एकटीवर पडलं.

तिचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक जास्वंदीचं कुंपण. त्या कुंपणातून तिच्या कोंबड्या माझ्या भाजीत यायच्या आणि माझ्या घरातल्या बातम्या तिच्याकडे जायच्या. क्वेनशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, सकाळी भांडण झालं की दुपारी मावशी कुंपणापलीकडून विचारायची, "काय गं थोआ, आज हुक्क्याची नळी कुठे लपवलीस त्याची?" नळी कुठे लपवली हे तिला कसं कळायचं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. बहुतेक कोंबड्या सांगत असाव्यात.

मावशी अंगानं एवढीशी. वाकून चहा खुडायला लागली की झुडपांवर नुसती ताडपानांची टोपी सरकताना दिसायची. नवरा तरुणपणीच गेला. एकच मुलगी, लुआ. ती दूर शहराकडे फोनच्या कारखान्यात. नवरा, दोन पोरं, आणि उंच इमारतीत घर. घर इतकं वर की, मावशी म्हणायची, "तिथून खाली थुंकलं तर जमिनीवर पोचेपर्यंत वाळून जाईल."

आमच्या उतारावर पूर्वी कुणी एकट्यानं चहा खुडत नसे. सगळं सावडीनं. आज तुझ्या मळ्यात, उद्या माझ्या, परवा तिच्या. दहा-बारा बायका एका मळ्यात उतरायच्या आणि ऊन माथ्यावर यायच्या आत मळा साफ. जिच्याकडे खुडणी तिनं दुपारी जेवू घालायचं. पैसे द्यायचे नाहीत, कुठे लिहायचं नाही, पण कुणाचा दिवस कुणाकडे राहिलाय हे आख्ख्या उताराला पाठ. कुणी बाळंत झाली, कुणाच्या घरी मयत झालं, तर तिचा दिवस राहायचा आणि पुढच्या फुटीला, म्हणजे नवी पालवी आली की, फिटायचा. सासू सुनेचा पगार विसरेल, पण शेजारणीचा दिवस नाही विसरायची.

सावडीत चहा खुडायचा हे निमित्त, खरं काम तोंडाचं. कुणाच्या मुलाचं कुठे जुळतंय, कुणी भातात पाणी जास्त घातलं, कुणाच्या नवऱ्यानं लग्नाच्या मंडपात माईक सोडला नाही, हे सगळं झुडपांच्या ओळींतून इकडून तिकडे जायचं. मी त्यात पुढे, हे सांगायला नको. मावशी एकदा सगळ्यांदेखत म्हणाली, "थोआ, तुझी जीभ चालते तेवढे हात चालले असते, तर अर्धा जिल्हा तू एकटीनं खुडला असतास."

मी म्हटलं, "मावशी, जीभ बंद ठेवली तर तुमच्या मळ्यात येईल कोण? तुमचा मासा खायला? त्यात काटे जास्त आणि मासा कमी!"

"तुझ्याकडे तर काटेसुद्धा नसतात. नुसतं पाणी उकळून म्हणतेस सूप केलंय."

बायका हसून हसून टोपल्या सांडायच्या.

हातगुण मात्र मावशीचाच. नव्या वर्षानंतरची पहिली फूट आली की प्रत्येक मळ्यात पहिली चिमूट तिनं खुडायची. एक कळी, दोन पानं, ती घरच्या देव्हाऱ्यात ठेवायची, मग बाकीच्यांनी हात लावायचा. तिचा हात लागला की वर्ष बरं जातं, असं सगळे मानायचे. ज्या वर्षी तिला ताप होता त्या वर्षीसुद्धा खालच्या मळ्यातल्या ख्वात भाऊजींनी तिला मोटरसायकलवर मागे बसवून मळ्यामळ्यातून फिरवलं होतं. पालखीच म्हणा.

मग कंपनी आली.

कंपनीचा माणूस बाख. गोरागोमटा, तरुण, आवाज मऊ, बुटांना चिखल लागला की हळूच गवताला पुसायचा. त्याचं म्हणणं साधं होतं. तुम्ही चहा घरी भाजू नका, बाजारात नेऊ नका. ओलं पान आम्हाला द्या. भाव वर्षभराचा ठरलेला, खत आम्ही देऊ, फवारणी आम्ही सांगू तेवढीच. गाडी तुमच्या टेकडीपर्यंत येईल.

आता कुणी विचारलं की तुम्ही सगळ्यांनी सही का केली, तर एकाचं कारण दुसऱ्याला लागू नाही. क्वेनची छाती धुरानं भरली होती. चहा भाजायच्या पिंपाजवळ उभा राहिला की तासभर खोकायचा, म्हणून आम्ही केली. ख्वात भाऊजींना गटप्रमुख केलं, गळ्यात शिट्टी आणि बसायला प्लॅस्टिकची लाल खुर्ची मिळाली, म्हणून त्यांनी केली. खालच्या आळीनं केली कारण वरच्या आळीनं केली. वरच्या आळीनं केली कारण खालची करणार असं ऐकलं होतं.

मावशीचं कारण मला ठाऊक होतं. ते कुंपणावरून आलं होतं. लुआनं आईकडून कबूल करून घेतलं होतं, "ज्या वर्षी तुझ्याच्यानं मळा होणार नाही, त्या वर्षी तू माझ्याकडे यायचंस. मग कारण सांगायचं नाही." मावशीनं मान हलवली होती. तिच्या हिशेबात ते वर्ष ती गेल्यानंतर येणार होतं. पण गेल्या दोन हिवाळ्यांत तिचे गुडघे धरले होते. भट्टीजवळ उभं राहणं, चहाच्या गोण्या सायकलला बांधून बाजारात नेणं, हे आता झेपत नव्हतं.

"भाजायचं नाही, न्यायचं नाही, नुसतं खुडायचं," ती मला म्हणाली. "खुडायला काय, तुम्ही सगळ्या आहातच. आता मला अजून दहा वर्षं कुणी या टेकडीवरून हलवत नाही बघ."

करार म्हणजे तिच्यासाठी टेकडीवर राहायची परवानगी होती.

सही करायच्या दिवशी गावच्या सभाघरात सगळे जमले. शेंगदाण्याची चिक्की, आमचाच चहा. शेवटी बाखनं विचारलं, "गाडीचं कसं करायचं? एक म्हणजे, रोज एका आळीत येईल. किंवा आठवड्यातून दोनदा येईल, सगळ्यांचं पान एकदम घेईल. पान मात्र त्याच सकाळचं पाहिजे, दुपारच्या आत वजनाच्या काट्यावर. तुमचं तुम्ही ठरवा."

सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. दिवस काढायचा तर तिच्या हातगुणानं.

मावशीनं विचारही केला नाही. "एकदम घ्या की! मंगळवार आणि शुक्रवार. सगळे एकत्र, गाडी एकत्र, कसं सणासारखं होईल. रोज एकेकाच्या दारात गाडी म्हणजे काय, लोक ताटात कुणाच्या काय आहे बघत बसतील."

आम्ही टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यांत जोरात. बाखनं दिवस लिहून घेतले.

त्या सभाघरात इतकी शहाणी डोकी बसली होती. एकाच्याही मनात आलं नाही की सगळ्यांचं पान एकाच सकाळी काट्यावर पाहिजे असेल, तर त्या सकाळी प्रत्येक जण आपापल्या मळ्यात असेल. मग एकमेकींकडे जाणार कोण? "माझं पान" आणि "तुझं पान" असं एकाच वेळी आम्ही कधी खुडलंच नव्हतं.

पहिला मंगळवार. धुकं होतं. मी आणि क्वेन उजाडताच मळ्यात उतरलो. खालून ख्वात भाऊजींच्या सुना, त्यांचे मुलगे, दोन भाडोत्री मुली. पलीकडच्या मळ्यातही तसंच, घरचे सगळे. जो तो मान खाली घालून खुडतोय. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय चुकतंय ते लक्षात आलं तेव्हा हसू आलं. कुणी बोलतच नव्हतं.

मावशीच्या स्वयंपाकघरातून धूर निघत होता. मी क्वेनला म्हटलं, "मावशी सकाळी सकाळी काय रांधतेय?"

तो म्हणाला, "आज पहिला दिवस. पहिली खुडणी तिच्याकडेच असते ना दरवर्षी."

मी टोपली ठेवून दोन पावलं गेलेसुद्धा. मग खालच्या रस्त्याकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं. अर्धीसुद्धा भरली नव्हती. मी परत वाकले.

मावशीनं दहा-बारा बायकांचा भात शिजवला होता. शेंगदाणे घातलेला चिकट भात, खारवलेली वांगी, मासा. पायरीवर बसून वाट बघत होती. ऊन वर आलं तेव्हा उठली आणि एकटीच मळ्यात गेली.

गाडीजवळ ती आली तेव्हा तिच्या पिशवीत जेमतेम दोन ओंजळी पान, आणि डोक्यावर भाताचं पातेलं. केळीच्या पानात एकेक मूठ बांधून तिनं सगळ्यांना वाटला.

"खा गं, खा. आयतं खायला तरी आलात. ख्वात, शिट्टी काढ तोंडातून, घास कसा जाईल?"

सगळे हसले. भात चांगला झाला होता. मी खाल्ला.

त्यानंतर मंगळवार-शुक्रवार येत राहिले. मावशी अंधारलेलं असतानाच उतरायची, पण एका माणसाच्या दोन हातांनी उतार किती होणार? एक ओळ खुडून होईपर्यंत पुढच्या ओळीचं पान वर जायचं, ताठ व्हायचं. चहाला दया नसते. कोवळं पान चार दिवस थांबतं, मग जून होतं.

गाडी गेल्यावर दुपारी आम्ही जायचो तिच्याकडे. कधी मी, कधी दुसरी कुणी. पण दुपारचं पान काट्यावर चालायचं नाही. मग ते घरी भाजायला तिच्याकडे भट्टी होती का? भट्ट्या तर सगळ्यांनीच मोडल्या होत्या, करारातच होतं तसं. पूर्वीचा व्यापारी आता टेकडी चढत नव्हता. एका घराच्या चहासाठी कोण पेट्रोल जाळेल?

मी ख्वात भाऊजींकडे गेले. म्हटलं, "भाऊजी, दिवस बदलून घ्या. आळीप्रमाणे गाडी येऊ द्या. मग पूर्वीसारखं एकमेकींकडे जाता येईल."

ते लाल खुर्चीत बसले होते. शिट्टीशी चाळा करत म्हणाले, "गाडीचे बाकीचे दिवस दुसऱ्या गावांना गेले गं. आणि मावशींनी काढलेले दिवस मी बदलू? उद्या कुणाची फूट जळली तर लोक माझ्याकडे बोट दाखवतील."

"मग मावशींनाच सांगा."

"तू सांग. तुझी जीभ चालते ना."

मी कुंपणाशी जाऊन सांगितलं. मावशी कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"माझ्याच तोंडून निघालेलं मीच गिळू?" ती म्हणाली. "सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तू तर टोपी पडेपर्यंत वाजवल्यास."

"अहो पण मावशी..."

"जा गं, तुझा भात करपतोय."

भात खरंच करपला होता. कसं कळायचं तिला, देव जाणे.

एका शुक्रवारी बाखनं तिच्या पिशवीतला एक देठ मोडून बघितला. मोडला नाही, नुसता वाकला. तो हळू आवाजात म्हणाला, "मावशी, हा चिवट झालाय."

"माझ्यासारखाच आहे," मावशी म्हणाली. "ओळखीचा म्हणून घे."

तो हसला, पण पान घेतलं नाही. पुढच्या खेपेलाही तसंच. करारात होतं, लागोपाठ तीन खेपा पान आलं नाही किंवा नाकारलं गेलं, तर ते घर करारातून बाहेर. बाखनं ते तिला समजावून सांगितलं, दोन्ही हात जोडल्यासारखे करून. मंगळवार गेला होता. आता शुक्रवारची खेप तिसरी.

बुधवारी रात्री मी क्वेनला म्हटलं, "परवा आपण दोघं तिच्याकडे जाऊ. आपलं एक वेळचं बुडालं तर बुडालं."

क्वेननं नळी ओढली, खोकला, आणि मान हलवली. त्याची ती मान 'हो'ची होती की खोकल्याची, मी विचारलं नाही.

पण शुक्रवारी उजाडताच, आम्ही अजून दारातच होतो, तर कुंपणातून मावशी आली. टोपली पाठीला, टोपी डोक्यावर, फडकं नीट बांधलेलं. सरळ आमच्या मळ्यात शिरली आणि वरच्या ओळीला लागली.

मी धावले. "मावशी, हे काय? तुमच्याकडे निघालो होतो आम्ही. आज तुमची..."

"आज तुझ्याकडे," ती म्हणाली. हात थांबला नव्हता. "तुझा एक दिवस माझ्याकडे राहिलाय. लुआच्या लग्नाच्या वेळचा. मी येणार होते आणि पावसात पाय मुरगळला. आठवतंय?"

मला आठवत होतं. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. आम्ही त्याच्यावर कितीदा हसलो होतो.

"अहो तो दिवस गेला खड्ड्यात! तुमची तिसरी खेप आहे. चला, सगळे मिळून..."

"आणि बाखच्या गाडीत तू काय घालशील? तुझी बडबड?" तिनं माझ्याकडे बघितलं. "थोआ, माझा अख्खा उतार जून झालाय. तुम्ही दोघं नाही, दहा जणी आलात तरी आज त्यातून कोवळं निघणार नाही. मी काल संध्याकाळी फिरून आले. मला चहा कळतो की नाही?"

मी मान वळवून तिच्या उताराकडे बघितलं. शेंडे इथूनही ताठ दिसत होते.

"वाक आता," ती म्हणाली. "उभी राहून कुणाचं पान खुडलं जात नाही."

आम्ही तिघांनी खुडलं. थोड्या वेळानं तिचं सुरू झालं. ख्वात भाऊजी झोपेतसुद्धा शिट्टी वाजवतात म्हणे, त्यांच्या धाकट्या सुनेनं कापूस कोंबलाय कानात. बाखला मुलगी बघायला हवी, बूट पुसून देणारी. मी हसले. नंतर कळलं की खालच्या मळ्यातसुद्धा हसत होते. कित्येक आठवड्यांनी उतारावर आवाज होता. गाडी यायच्या आधी मी तिला घाईनं जेवायला घातलं. माझं ते नेहमीचं सूप. ती म्हणाली, "आज पाणी बरं उकळलंस." आणि सगळं संपवलं.

काट्याजवळ ती माझ्या रांगेत उभी राहिली, रिकामी टोपली पाठीला. ख्वात भाऊजींनी एकेक घर पुकारलं. क्वेन. मग पुढचं. मग, जरा थांबून, "मिएन?"

"नाही," मावशी म्हणाली.

बाखनं माझ्या पिशवीतलं मूठभर पान हातात घेतलं, वास घेतला. "हे छान आहे," म्हणाला. मावशी पुढे झाली, माझ्या पिशवीतली एक चिमूट उचलली, एक कळी, दोन पानं. तिनं ती स्वतःच्या टोपीच्या नाडीत खोचली आणि घरी गेली.

पुढच्याच आठवड्यात लुआ गाडी घेऊन आली. मावशीनं कोंबड्या मला दिल्या, म्हणाली, "नाहीतरी तुझ्याकडेच असतात." पितरांच्या तसबिरी कापडात गुंडाळून मांडीवर घेतल्या. निघताना रडली वगैरे नाही. गाडीची काच खाली करून एवढंच म्हणाली, "नळी पाण्याच्या रांजणामागे लपवत जाऊ नकोस. तो पहिल्यांदा तिथेच बघतो."

गाडी वळल्यावर मला उमगलं. मावशी आता आमच्यात कुणाचंच काही देणं लागत नव्हती. माझा तेवढा एक दिवस राहिला होता, तो तिनं फेडला, आणि मग ती मोकळी झाली. आमच्याकडे मात्र तिचे दिवस होते. माझ्याकडे होते, ख्वातच्या सुनांकडे होते, प्रत्येकीच्या बाळंतपणातले, आजारपणातले. ते तिनं एकदाही मागितले नाहीत.

हिवाळ्यात तिच्या उताराला फुलं आली. खुडलेल्या चहाला फूल दिसत नाही. न खुडलेला वाढतो आणि पांढऱ्या फुलांनी भरतो, आत पिवळे केसर. मधमाश्या घोंघावायच्या. गावात नव्यानं आलेली पोरं तिथे उभी राहून फोटो काढायची.

एका रविवारी मी टोपली घेतली आणि एकटीच वर गेले. तिचा एक दिवस फेडायला. झुडपं माझ्या खांद्याला लागत होती. कोवळं शोधून शोधून दुपारपर्यंत टोपलीचा तळ झाकला. बाकी सगळं जून. मग मी जूनच तोडलं, फांद्यांसकट, उकळून प्यायला तेच बरं असतं. त्याचा भारा बांधला आणि शहराच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या पायाशी ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी फोन आला.

"कुणी तोडलंय हे?"

"मी. तुमचा दिवस फेडला."

"दिवस? हे बघून तर वाटतं अर्धाच दिवस केलास. दुपारनंतर बसून राहिलीस ना झाडाखाली?"

बसले होते. "पाय दुखत होते माझे."

"मग अर्धा राहिला," मावशी म्हणाली. मागे लुआच्या पोरांचा टीव्ही चालू होता. "राहू दे. येत्या फुटीला देशील."

पुढच्या हंगामात तो उतार कंपनीनं लुआकडून भाड्यानं घेतला. मशीन आलं. जुनी झुडपं मुळासकट उपटून कडेला रचली, ती वाळल्यावर आमच्यापैकी पुष्कळांनी जळणाला नेली. आता तिथे नव्या जातीची रोपं लावलीत, सगळी एका उंचीची, आणि बाहेरून मजूर येतात. ते बोलत असतील तर आम्हाला ऐकू येत नाही. नव्या वर्षाची पहिली चिमूट आता ज्याची त्यानं खुडायची.

मावशीला मी हे सांगितलेलं नाही. लुआनंही नसावं. दर महिन्याला फोन येतो. क्वेनचा खोकला विचारते, कोंबड्यांची चौकशी करते, आणि ठेवताना म्हणते, "थोआ, अर्धा दिवस आहे हां तुझ्याकडे माझा."

मी म्हणते, "आहे की मावशी. येतेय ना. फूट येऊ दे, मग येते."